न येणारी मुले आणि शाळेची जबाबदारी

कोणत्याही संस्थेत काम बिघडले की सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न बहुधा 'हे कोणी केले?' असा असतो, आणि एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव निश्चित होऊन त्याच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली की चौकशी पूर्ण झाल्याचे समाधान वरिष्ठांना मिळते. ज्या परिस्थितीमुळे काम बिघडले ती मात्र जागच्या जागी राहते आणि काही महिन्यांनी तीच चूक दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नावावर पुन्हा नोंदली जाते. व्यवस्थापनाचे अभ्यासक या रीतीला दोषारोपाची कार्यसंस्कृती म्हणतात. तिच्या विरुद्ध टोकाला जी रीत आहे तिचे नाव व्यक्तिगत उत्तरदायित्व असे असून, घडलेल्या गोष्टीत आपल्या निर्णयांचा, आपण घालून दिलेल्या पद्धतीचा आणि आपल्याकडून राहून गेलेल्या कामाचा वाटा किती हे अधिकारपदावरील व्यक्तीने आधी तपासावे व जे स्वतःच्या हाती आहे ते बदलावे, असा तिचा आशय आहे. ही कल्पना आज मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवली जात असली तरी तिचे एक अत्यंत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर, झाई, बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात, सुमारे आठ दशकांपूर्वी घडले.

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील अगदी उत्तरेकडचे, मच्छीमारांचे गाव असून त्याची हद्द ओलांडली की गुजरातमधील उंबरगावचा भाग सुरू होतो. दक्षिणेला लागूनच डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि घोलवड ही चिकूच्या वाड्यांची गावे आहेत, थोडे आत कोसबाडची टेकडी आहे आणि तेथून पूर्वेकडे वारली आदिवासींचे पाडे पसरले आहेत. आज पालघर जिल्ह्यात असलेला हा सारा मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. १९४५ या एकाच वर्षी येथे दोन कामांना आरंभ झाला. मे महिन्यात झरी येथे वारली शेतमजुरांची मोठी सभा झाली आणि किसान सभेचे कार्यकर्ते शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. वेठबिगार म्हणजे जमीनदाराकडे मोबदल्याविना सक्तीने करावे लागणारे काम. त्याच वर्षी बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. या प्रकरणाचा विषय मुख्यतः दुसरे काम हा आहे, परंतु पहिल्या कामाकडेही पुढे वळावे लागेल, कारण दोषाचा विचार करताना ते बाजूला ठेवता येत नाही.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) बोर्डीला आल्या तेव्हा बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव झालेले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि दादरच्या शिशुविहारात त्यांनी शहरी मध्यमवर्गीय मुलांसाठी माँटेसरी पद्धतीचे शिक्षण रुजवले होते. माँटेसरी पद्धती म्हणजे इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी विकसित केलेली अशी शिक्षणपद्धती, की ज्यात मूल विशिष्ट साधने स्वतः हाताळत, आपल्या गतीने, इंद्रियांच्या अनुभवातून शिकते. बोर्डीच्या कामात त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. एवढी सिद्ध पद्धती आणि एवढी तयारी घेऊन सुरू झालेल्या या केंद्रासमोर पहिली अडचण अशी उभी राहिली की ज्यांच्यासाठी ते काढले होते त्या गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात.

या अडचणीची कारणे सांगणे त्या काळी फार सोपे होते. आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत नाही, मुलांना अंगवळणी पडलेली अस्वच्छता सोडवत नाही, आदिवासी मुळातच आळशी असतात, ही वाक्ये गावोगावच्या सुस्थितीतील लोकांच्या तोंडी होती आणि आजही ती पुरती नाहीशी झालेली नाहीत. सामाजिक मानसशास्त्रात या प्रकारच्या विचाराला एक निश्चित नाव आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली त्याला मूलभूत आरोपण-दोष म्हटले. दुसऱ्या माणसाच्या वागण्याचे कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला अवाजवी महत्त्व देतो आणि तो ज्या परिस्थितीत वागत असतो तिचा प्रभाव कमी लेखतो, असा या संज्ञेचा अर्थ आहे. अधिकारी माणसाच्या हातून हा दोष घडला तर त्याचे परिणाम अधिक गंभीर होतात, कारण हाताखालच्या माणसांची परिस्थिती पुष्कळदा त्यानेच ठरवलेली असते आणि स्वभावाकडे बोट दाखवताच त्या परिस्थितीची तपासणी थांबते. बालवाडीची जागा कोणी निवडली, वेळ कोणी ठरवली, तेथे कोणत्या मुलांना मोकळे वाटेल आणि कोणत्या मुलांना बुजल्यासारखे होईल हे कशावरून ठरले, या प्रश्नांची उत्तरे पालकांकडे नव्हती; ती केंद्र चालवणाऱ्यांकडे होती.

ताराबाई आणि अनुताई यांनी प्रश्न याच दिशेने वळवला. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने मुलापर्यंत पोहोचले पाहिजे, असा निर्णय होऊन बालवाडी वस्तीत, घरांच्या पुढच्या अंगणात भरू लागली. सेविका वस्तीत जात, मुलांना गोळा करत, त्यांच्या आंघोळीपासून आणि केस विंचरण्यापासून आरंभ करत, आणि जे मिळेल त्या झाडाच्या सावलीत गाणी, गोष्टी, खेळ घेत. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला उभ्या राहिलेल्या या प्रकाराला अंगणवाडी म्हणू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: आंघोळ हा शाळेत येण्यासाठीचा पात्रतेचा निकष राहिला नाही, ती शाळेच्या कामाचा भाग झाली. अस्वच्छ मुलाला परत पाठवणारी शिक्षिका आणि त्याला आंघोळ घालून बसवणारी शिक्षिका यांच्यासमोरचे मूल तेच असते, पण मुलाची अस्वच्छता कोणाच्या कामात मोडते याविषयीचे दोघींचे उत्तर वेगळे असते.

केंद्र १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे वारली मुलांच्या संदर्भात हीच विचारपद्धती अधिक कसोटीला लागली. पाड्यावरची सातआठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, याचे कारण तपासले तेव्हा तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे असे दिसले. आईबाप मजुरीवर गेल्यावर त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. तेव्हा प्राथमिक शाळेला बालवाडी आणि पाळणाघर जोडले गेले, म्हणजे मुलगी भावंडाला घेऊनच यावी, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. वेगवेगळ्या वयांच्या मुलांची एकत्र सोय करणाऱ्या या रचनेला विकासवाडी असे नाव मिळाले. गुरे राखायला जाणारा मुलगा शाळेत येऊ शकत नाही, कारण गुरे सोडून येणे त्याला परवडणारे नव्हते. तेव्हा गुरे जेथे चरतात त्या कुरणातच शाळा भरवण्याचा कुरणशाळेचा प्रयोग झाला. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. माँटेसरीची लाकडी साधने महाग आणि परकी होती, म्हणून त्यांच्या जागी बिया, शंखशिंपले, खडे, पाने, माती आणि बांबू या परिसरातल्या वस्तू आल्या. ज्या पद्धतीवर ताराबाईंनी आपल्या आयुष्याची दोन दशके खर्ची घातली होती तिच्यातील बाह्य उपकरणे बाजूला ठेवून तिचे तत्त्व तेवढे राखण्याची तयारी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर दाखवली, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आपल्या हातून उभी राहिलेली, लोकमान्य झालेली पद्धत या ठिकाणी अपुरी पडते आहे असे मानणे कोणत्याही नेतृत्वाला जड जाते, आणि बहुतेक संस्थांत दोष कर्मचाऱ्यांवर वा लाभार्थ्यांवर ढकलला जातो तो नेमका हे मानणे टाळण्यासाठी.

याला नेतृत्वाचे उदाहरण का म्हणावे, हे स्पष्ट केले पाहिजे. पाड्यावर जाणाऱ्या सेविकेपुढे मुले नसतील तर केंद्राच्या प्रमुखाला दोन मार्ग मोकळे असतात. सेविका कामचुकार आहे असे ठरवून तिची झाडाझडती घेता येते, किंवा मुले का नव्हती हे तिच्याकडूनच समजून घेता येते. दुसऱ्या मार्गाने गेल्यास सेविका ही केंद्राचे डोळे आणि कान बनते, कारण पाड्यावर कोणत्या दिवशी बाजार असतो, भातलावणीच्या दिवसांत कोण घरी असते, कोणत्या घरात ताप आहे, हे तिलाच ठाऊक असते. पहिल्या मार्गाने गेल्यास तीच सेविका पुढच्या वेळी हजेरीपटावर मुलांची नावे भरते. खोटी हजेरी हा पुष्कळ ठिकाणी नैतिक अधःपाताचा पुरावा मानला जातो, परंतु खरी हजेरी सांगितल्याची शिक्षा वारंवार मिळाल्यावर खोटी हजेरी आपोआप तयार होते, आणि तिच्यातला मोठा वाटा शिक्षा करणाऱ्याचा असतो.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना असे आढळले की ज्या गटांचे नेतृत्व चांगले आणि परस्परसंबंध निकोप होते त्या गटांत औषधे देताना झालेल्या चुकांची नोंद अधिक होती. वरवर पाहता हा निष्कर्ष उलटा वाटतो. तपासाअंती दिसले ते असे की चांगल्या गटांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी मानसिक सुरक्षितता ही संज्ञा कामाच्या गटांच्या संदर्भात मांडली. शंका विचारल्यास, चूक कबूल केल्यास किंवा वरिष्ठाच्या मताहून वेगळे बोलल्यास आपला अपमान होणार नाही, असा गटातील माणसांना वाटणारा समान विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांच्या अभ्यासातून याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. चुकांकडे पाहण्याच्या व्यक्तिकेंद्री आणि व्यवस्थाकेंद्री अशा दोन दृष्टी असतात, शेवटच्या क्षणी ज्याच्या हातून चूक घडते त्याच्या मागे अपुरे मनुष्यबळ, घाईचे वेळापत्रक, सदोष साधने अशी सुप्त कारणे आधीपासून साठलेली असतात आणि ती कारणे बहुतांशी वरच्या पातळीवरील निर्णयांतून आलेली असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोसबाडला या संज्ञा माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या पुष्कळ नंतरच्या आहेत. तथापि कडेवरचे भावंड हे गैरहजेरीचे सुप्त कारण होते आणि पाळणाघर हा त्यावरचा व्यवस्थाकेंद्री उपाय होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करावा लागतो. दोष ठेवणे सर्वत्र गैर मानले तर अन्याय करणारा माणूस सहज सुटून जाईल, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच 'तू स्वतःची जबाबदारी घे' असा उपदेश ऐकावा लागेल. १९४५ मध्ये झरीच्या सभेला जमलेल्या वारल्यांना असा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरले असते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबणारा लग्नगडी स्वतःच्या आळसामुळे गरीब नव्हता. त्याच्या दारिद्र्याला जबाबदार असणारी माणसे होती, त्यांची नावे होती आणि ती उच्चारणे आवश्यकच होते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या, १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकात या काळाचा तपशील आला आहे. तेव्हा दोन गोष्टींतील फरक नेमका ओळखला पाहिजे. दुर्बलाने बलवंताला जाब विचारणे ही न्यायाची मागणी असते. बलवंताने दुर्बलावर दोष टाकणे हे बहुधा स्वतःच्या वाट्याचे काम टाळणे असते. उत्तरदायित्वाचा आग्रह धरायचा तो अधिकाराच्या प्रमाणात, म्हणजे ज्याला निर्णय घेण्याची, पैसा खर्च करण्याची आणि नियम बदलण्याची जेवढी मुभा, तेवढा त्याचा वाटा मोठा. हे प्रमाण सोडले की व्यक्तिगत जबाबदारी ही सुंदर कल्पना वरून खाली ओझे ढकलण्याचे साधन बनते, आणि अनेक कार्यालयांत ती तशी वापरली जाते हे खेदाने नमूद करावे लागते.

दुसरा विपर्यास याहून सौम्य, परंतु अधिक प्रचलित आहे. काही अधिकारी प्रत्येक अपयशानंतर 'सर्वस्वी माझी जबाबदारी' असे जाहीर करतात आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काहीही बदलत नाहीत. अशा घोषणेने हाताखालच्या माणसांना क्षणभर दिलासा मिळतो, हे खरे. पण तिची कसोटी पुढच्या महिन्यात लागते. बोर्डीच्या केंद्राने पालकांची माफी मागितली असती आणि बालवाडी होती तेथेच भरवली असती तर एकही नवे मूल आले नसते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरणास साहाय्य, आरोग्य तपासणी व शालेयपूर्व शिक्षण देणाऱ्या तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी असे नाव देण्यात आले. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. कोसबाडचे काम अनुताई पुढे नेत होत्या. बोर्डीच्या वस्तीतून निघालेले नाव देशभर पोहोचले, याचा अभिमान मराठी वाचकाने जरूर बाळगावा, मात्र त्या नावाबरोबर जे जायला हवे होते ते पुरते गेले नाही. मूळ प्रयोगात जागा, वेळ आणि साधने मुलांच्या परिस्थितीनुसार बदलण्याची मोकळीक काम करणाऱ्यांकडे होती. सरकारी योजनेत जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आहार ठरलेला आणि नोंदींचे नमुने ठरलेले, तर मुले न आल्याचा किंवा त्यांचे वजन न वाढल्याचा जाब मात्र सेविकेकडे. एवढ्या मोठ्या योजनेला काही समान नियम लागतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही निर्णयाचा अधिकार वर राहिला आणि उत्तर देण्याचे काम खाली आले, ही रचना दोषारोपाला पोषक आहे.

अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना वेतन नसून मानधन मिळते. त्यांना उपदान, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल द्यावयाची एकरकमी रक्कम, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये द्यावा लागला. ज्यांना संपूर्ण कर्मचारी मानण्यास व्यवस्था कचरते त्यांच्याकडूनच तिने संपूर्ण जबाबदारीची अपेक्षा करावी, ही विसंगती बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याने, म्हणजे अनेक अंगणवाड्यांच्या समूहावरील प्रमुखाने, आपल्या मासिक बैठकीला बसताना ध्यानी ठेवली पाहिजे. बैठकीत कमी हजेरीच्या अंगणवाडीची सेविका उभी केली जाते आणि सर्वांदेखत तिला कारण विचारले जाते, ही प्रथा पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. त्याऐवजी अधिकाऱ्याने प्रथम स्वतःच्या कार्यालयाकडे पाहिले, म्हणजे आहाराचा पुरवठा वेळेवर झाला होता का, वजनकाटा दुरुस्त आहे का, मोबाइलवर नोंदी करायला त्या पाड्यात नेटवर्क मिळते का, पर्यवेक्षिका तेथे शेवटची कधी गेली होती, या गोष्टी बैठकीपूर्वी तपासल्या, तर सेविकेला विचारायचा प्रश्नच बदलतो. या तपासणीनंतरही एखाद्या सेविकेचा हलगर्जीपणा दिसून आला तर तिच्याशी त्याविषयी स्पष्ट बोलणे हेही उत्तरदायित्वाचेच अंग आहे. उत्तरदायी नेतृत्व कठोर निर्णय टाळत नाही, ते निर्णयापूर्वी आपला वाटा मोजून घेते.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात या विचाराची सर्वांत अवघड परीक्षा स्थलांतराच्या काळात होते. पावसाळी शेती आटोपली की अनेक वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी बाहेर पडतात, लहान मुले त्यांच्याबरोबर जातात, आणि झाईच्या परिसरातून तर राज्याची सीमा ओलांडून कामाला जाणेही सहज शक्य असते. असे मूल गावच्या अंगणवाडीच्या वहीत 'स्थलांतरित' म्हणून नोंदले जाते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या वहीत त्याचे नाव चढतेच असे नाही. नियमाने पाहिले तर दोन्ही प्रकल्पांचे कागद निर्दोष राहतात. गावाकडच्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की मूल त्याच्या हद्दीत नाही, भट्टीकडच्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की त्याला कोणी कळवले नाही, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. परंतु कोणते कुटुंब कोणत्या आठवड्यात, कोणत्या मुकादमाबरोबर आणि कोठे निघाले हे गावच्या सेविकेला बहुधा ठाऊक असते, म्हणून ही माहिती तिच्याकडून घेऊन दुसऱ्या प्रकल्पाला स्वतः फोन करण्याचे काम गावाकडच्या अधिकाऱ्याचे ठरते, मग ते कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले असो वा नसो. आणि तो फोन आल्यावर त्या मुलाचे नाव वहीत घेऊन सेविकेला भट्टीवर पाठवणे, तिच्या जाण्यायेण्याच्या खर्चाची सोय करणे व मुलाचे वजन गावाकडे परत कळवणे हे दुसऱ्या अधिकाऱ्याचे.